बायका येत नाहीत म्हणे!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे सूनबाईंनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. नाशिकच्या वहिनींचा दोनदा फोन येऊन गेला, "लिहायचं सोडलंत की काय?" सोडलं नाही वहिनी, आज जरा जास्तच लिहिणार आहे. विषय बायकांचा आहे, पण पुरुष मंडळींनीही वाचावा.

झालं असं, की मागच्या आठवड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक कार्यक्रम होता. समाजकार्य करणाऱ्या एका क्लबचे माजी अध्यक्ष बोलायला आले होते. गृहस्थ सज्जन, तळमळीचे. दर वर्षी महिला दिनाला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची मोफत तपासणी ठेवतात. बोलता बोलता ते म्हणाले, "आम्ही सगळं फुकट ठेवतो हो, पण गरीब वस्तीतल्या बायका येतच नाहीत. त्यांना स्वतःच्या जिवाची किंमतच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही डोलावली असणार.

घरी आले आणि रात्री झोप लागेना. शाळेतल्या मावशी आठवत राहिल्या.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मावशी म्हणजे शाळेच्या सेविका. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं, लहान मुलींची पाळी सुरू झाली तर त्यांना बाजूला नेऊन समजावणं, हे सगळं त्यांच्याकडे. (हे शेवटचं काम खरं तर आम्हा शिक्षिकांचं होतं, पण आम्ही ते मावशींवर सोडून मोकळ्या होत असू.) २००३ साली शाळेत महिलांसाठी आरोग्य शिबिर झालं. बाहेरगावाहून डॉक्टर आल्या, चित्रकलेच्या खोलीत पडदे लावले, कॅन्सरच्या चाचणीसाठी नमुने घ्यायचीही सोय होती. मी पर्यवेक्षिका होते, म्हणजे यादी माझ्या हातात. आम्ही शिक्षिका, गावातल्या वकिलीणबाई, सावकारांच्या सुना, सगळ्या रांगेत. आणि मावशी? मावशी दिवसभर बाकं उचलत होत्या, गरम पाणी नेऊन देत होत्या, डॉक्टरांना चहा देत होत्या.

संध्याकाळी सामान आवरून गाडी निघाली, तेव्हा मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही दाखवलंत का?"

"मला कुठं सवड मिळाली बाई," त्या म्हणाल्या. आणि कपबशा विसळायला गेल्या.

त्या वेळी त्यांचं वय पंचेचाळीस-सेहेचाळीस असेल. वर्षभर त्यांच्या अंगावर जात होतं, मधेच लाल दिसायचं, कंबर दुखायची. मला ते माहीत होतं. "या वयात व्हायचंच," असं त्या म्हणायच्या आणि मीही तेच म्हणायचे. २००५ साली बार्शीला नेलं तेव्हा आजार फार पुढे गेलेला होता. शेक दिले (रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात), पण उपयोग झाला नाही. २००६ च्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्यांना भेटायला मी बार्शीला गेले होते, तेव्हा तिथे त्यांची धाकटी बहीण सोबतीला होती. ती शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यात दिलेली. (२०२३ पासून या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं आहे.) ती सांगू लागली, "बाई, आमच्या गावात तीन-चार वर्सामागं बार्शीच्या दवाखान्याच्या बाया आल्या होत्या. घरोघर फिरल्या. शाळेच्या खोलीत पडदा लावून तपासलं. माझ्यात थोडं काय निघालं, तर बर्फावानी थंड काहीतरी लावलं. झालं, दुसऱ्या दिवशी खुरपायला गेले." दोघी सख्ख्या बहिणी. मधे फक्त जिल्ह्याची हद्द.

तेव्हा मला ती गोष्ट नशिबाची वाटली. ती नशिबाची नव्हती हे खूप नंतर, निवृत्तीनंतर वाचायला लागले तेव्हा कळलं.

बार्शीचं नाव आपल्यापैकी किती जणांना या संदर्भात ठाऊक आहे? खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची रीतसर नोंद ठेवायला भारतात पहिल्यांदा सुरुवात झाली ती १९८७ साली, बार्शीला. पुढे १९९९ मध्ये बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची चाचणी (हाच विषाणू या कॅन्सरच्या मुळाशी असतो), दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्या भागात नुसती माहिती, तपासणी नाही.

व्हिनेगर म्हणजे तेच, चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं ते. म्हणजे त्यातलंच आम्ल, मोजून पातळ केलेलं. पिशवीच्या तोंडाला ते लावायचं, मिनिटभर थांबायचं. जिथे पेशी बिघडायला लागलेल्या असतात तो भाग पांढरा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी, चांगल्या उजेडात. प्रयोगशाळा नको, रिपोर्टची वाट बघणं नको.

आठ वर्षांनंतरचा निकाल २००९ साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या भागात एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली होती तिथे या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या. ज्या भागात काहीच तपासणी नव्हती तिथे ६४. दोन्ही भागांतल्या बायकांची संख्या साधारण सारखीच, तीस-चौतीस हजार. म्हणजे एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! व्हिनेगरचा आणि पॅपचा एकदाच केल्यावर तसा ठळक फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच डॉक्टरांनी १९९८ पासून दुसरा अभ्यास चालवला होता. तिथे व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नव्हेत. दहावी झालेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या साध्या बायका.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. मुंबईच्या त्या झोपडपट्ट्यांत बोलावलेल्या बायकांपैकी किती आल्या असतील? १०० मधल्या ८९. उस्मानाबादच्या खेड्यांत एचपीव्हीसाठी १०० मधल्या जवळपास ८०. म्हणजे शेतमजुरी करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, ज्यांना "स्वतःच्या जिवाची किंमत नाही" असं आपण बसल्या जागी म्हणतो, त्याच या बायका. कुणी त्यांच्या दारी जाऊन, त्यांच्या भाषेत सांगितलं, जवळच सोय केली, तपासायला बाईमाणूस ठेवलं, की त्या आल्या.

अध्यक्ष महाशयांना हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मला वेळेवर काही सुचत नाही, ही जुनीच खोड.

या अभ्यासांवर पुढे टीका झाली, आणि मला ती अगदीच डावलता येत नाही. चौथ्या भागातल्या बायकांना नुसती माहिती देऊन तपासणीशिवाय ठेवलं, हे नीतीला धरून होतं का? तज्ज्ञांनी बाजूने आणि विरुद्ध बरंच लिहिलं आहे. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की एरवी तरी तिथे कुठे तपासणी होत होती? ते खरंच आहे. पण मला त्या ६४ जणी मनातून काढता येत नाहीत. आणि म्हणूनच पुढची गोष्ट जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते आहे, की पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा. हे शहाणपण जगाला आलं त्यात आपल्या मराठवाड्यातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. आणि आपल्या देशाचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तुमची ही तपासणी कधी तरी झाली आहे का? "हो" म्हणणाऱ्या १.९ टक्के! शंभरात दोन सुद्धा नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जातात. बाईंचं गणित कच्चं आहे असं माझे विद्यार्थी म्हणायचे, पण एवढा हिशेब मलाही कळतो. कुणाच्या तरी आयाबहिणींच्या जिवावर आपण धडा शिकलो आणि वही मिटून ठेवली.

कागदावर सगळं आहे बरं का. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शनात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरने तपासणी करावी असं लिहिलेलं आहे. आशाताई घरोघर फॉर्म भरतात. फॉर्म भरला जातो, पण पुढे? उपकेंद्रात आडोशाची खोली, चांगला दिवा, निर्जंतुक केलेली साधनं, शिकलेली नर्स, आणि काही निघालं तर तिथल्या तिथे उपचार, यातलं एक जरी नसलं तरी साखळी तुटते. हा कॅन्सर व्हायला विषाणू शिरल्यापासून बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी सवड फार थोडे आजार देतात. तेवढ्या वर्षांत एकदा किंवा दोनदा बाईला गाठता येऊ नये?

तपासणी पोचत नाही, पण भीती मात्र पोचते. ही गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आठवत असेल. २०१९ साली सरकारी पाहणी झाली, ८२,३०९ बायकांची. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीत, दुखण्यात खाडा परवडत नाही. अंगावर जातंय म्हणून बाई खाजगी दवाखान्यात गेली, की "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं तिला सांगितलं जायचं. कितीतरी जणींनी असं सांगितल्याचं बाहेर आलं. अहो, कॅन्सरचीच भीती होती तर आधी तपासायचं ना! मिनिटाभराच्या तपासणीने जे कळलं असतं, त्यासाठी तिशीतल्या बायकांनी कर्ज काढून ऑपरेशनं करून घेतली आणि पुन्हा उसाच्या फडात उभ्या राहिल्या. कॅन्सर हा शब्द गरिबाच्या घरी असा पोचतो, धमकी म्हणून.

भाषेची मास्तरीण असल्यामुळे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या क्लबच्या शिबिराचा फलक मी पाहिला. "गर्भाशयग्रीवा कर्करोग पूर्वनिदान शिबिर." ग्रीवा! ग्रीवा म्हटलं की मला राजहंसाची मान आठवते. मी चाळीस वर्षांत वर्गात हा शब्द पाच-सहा वेळा फळ्यावर लिहिला असेल, तोही समास सोडवायला. वस्तीतली बाई "पिशवी" म्हणते. "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, वेळेवर तपासला तर होतच नाही" एवढं लिहायला काय हरकत आहे? बार्शीला हे फार पूर्वी कळलं होतं. तिथे अभ्यासाच्याही आधी गावोगाव जाऊन नुसतं नीट समजावून सांगितलं, तर बायका आजाराच्या अलीकडच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या, असं १९९५ साली प्रसिद्ध झालेलं आहे. हेच मी शाळेत रोज अनुभवलं. मुलाला कळत नाही, असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण त्याला कळेल असं सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं इतकंच, की वर्षातून एकदा आठ मार्चला मंडप घालू नये. तोच खर्च करायचा तर वस्तीजवळच्या दवाखान्यात आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी. खेड्यात बाजारच्या दिवशी ठेवावी, बायका त्या दिवशी तशाही गावात येतात. ज्या शिबिरात नमुना घेऊन जातात आणि रिपोर्ट न्यायला बाईला तिसऱ्याच ठिकाणी बोलावतात, ते शिबिर न घेतलेलंच बरं. तिची दोन दिवसांची मजुरी जाते आणि हाती काही येत नाही. एचपीव्हीच्या चाचणीत तर आता बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो, पडद्यामागे, दोन मिनिटांत. ज्यांना लाजेने नको वाटतं त्यांच्यासाठी याहून सोपं काय असणार? त्यात क्षयाच्या आणि कोविडच्या तपासणीसाठी गोव्याच्या कंपनीने केलेली जी छोटी ट्रूनॅट यंत्रं आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत, त्यावर चालणारी एचपीव्हीची चाचणीही निघाली आहे. यंत्र आहे, आशाताई आहेत. मुलींसाठी लस आहे, पुण्यात तयार झालेलीही आहे, ती द्यावीच. पण आज चाळिशीत असलेल्या त्यांच्या आयांना लस आता फारशी उपयोगाची नाही. त्यांना तपासणीच हवी.

लाजेचं म्हणाल तर मी कुणाला नावं ठेवणार? त्या शिबिरात रांगेत उभी होते असं वर लिहिलं, पण माझा नंबर आला तेव्हा मी "यादी सांभाळायची आहे" असं सांगून मागे सरले. माझी पहिली तपासणी झाली सत्तावन्नाव्या वर्षी. सूनबाईंनी रक्तदाब दाखवायला म्हणून नेलं आणि तिथे गेल्यावर खरं सांगितलं. शिकलेली, पगार घेणारी, दोनशे मुलींना शिस्त लावणारी मी! मग मावशींना कशाची लाज आणि कशाची सवड नव्हती हे विचारायचा मला काय अधिकार?

आता आमच्याकडे कामाला येते तिची गोष्ट. वय चाळीसच्या आसपास, दोन मुलं. परवा तिला विचारलं, तुझी अशी तपासणी कधी झाली आहे का? "नाही आजी, मला काही त्रास नाही." त्रास नसतानाच करायची असते हे समजावायला अर्धा तास गेला. भांडी तशीच. शेवटी तिला पटलं. मग मी महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात चौकशी केली. तपासणी आहे, फुकट आहे, मंगळवारी सकाळी दहा ते बारा. ही बाई सकाळी आठ ते एक या वेळेत चार घरी काम करते. बघा म्हणजे!

मग मीच बाकीच्या तिन्ही घरी फोन केले. एका घरी लगेच "हो, येऊ नको म्हणावं, पगार कापणार नाही" म्हणाल्या. दुसऱ्या घरच्यांनी जरा आढेवेढे घेतले, पण हो म्हणाल्या. तिसऱ्या म्हणाल्या, "मंगळवारीच कशाला? आमच्याकडे पाहुणे आहेत." म्हटलं, दवाखाना मंगळवारीच असतो. "मग पुढच्या मंगळवारी बघा." पुढचा मंगळवार ठरला आहे. रिक्षाने मी सोबत जाणार आहे. आमच्या घरची भांडी त्या दिवशी चिरंजीव घासणार आहेत, तसं त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केलं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

काल निघताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "आजी, तिथं तपासायला बाईच असते ना?"

एवढी चौकशी केली आणि नेमकं तेच विचारायचं राहिलं होतं. उद्या सकाळी फिरायला जाताना दवाखान्यात डोकावून विचारून येते.